खातेउतारे पाठवणारा पायथन प्रोग्राम : लिफाफा, मायना आणि जावक नोंदवही

३१ मार्च उलटला की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसांत एक काम हमखास निघते. प्रत्येक ग्राहकाला त्याचा खातेउतारा पाठवायचा आणि वर्षअखेरची बाकी त्याच्याकडून मान्य करून घ्यायची. ज्या मशीनशॉपसाठी मी हा प्रोग्राम लिहिला, तेथे १८० ग्राहक होते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येकाची पीडीएफ निघत होती आणि दिवाणजी ती एकेक करून ई-मेलला जोडत दोन दिवस बसत. तेच काम पायथनचा साठ-सत्तर ओळींचा प्रोग्राम अर्ध्या तासात उरकतो. त्यातल्या प्रत्यक्ष पत्र पाठवणाऱ्या ओळी मोजून दहा-बारा भरतील. उरलेल्या सगळ्या कोणाला काय गेले, कोणाचे राहिले आणि मधेच लाईट गेली तर पुढे कोठून सुरू करायचे, एवढ्यासाठीच असतात. हा लेखही साधारण त्याच प्रमाणात लिहिलेला आहे.

पायथनची ३.६ किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती चालेल. पत्रे पाठवण्यासाठी बाहेरून काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही, कारण लागणारी मुख्य चारही मोड्यूल (तयार कोडचे संच) भाषेबरोबरच येतात : सर्व्हरशी बोलणारे एसएमटीपीलिब, पत्र रचणारे ईमेल, जोडणी सुरक्षित करणारे एसएसएल आणि ग्राहकांची यादी वाचणारे सीएसव्ही. येथे ही नावे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, कागदोपत्री असलेल्या स्पेलिंगप्रमाणे लिहावीत.

पहिली खबरदारी फाइलच्या नावाची. आपल्या प्रोग्रामला ‘ईमेल.पीवाय’ असे नाव कधीही देऊ नये. पायथन मोड्यूल शोधताना आधी प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे पाहते, आणि एसएमटीपीलिबला स्वतःलाच ईमेल हे मोड्यूल लागते. त्यामुळे ते भाषेसोबत आलेले मोड्यूल सोडून आपलीच अर्धवट लिहिलेली फाइल उघडते आणि ‘ईमेल हे पॅकेज नाही’ अशी तक्रार करून थांबते. या एका नावापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती, कारण मी चूक स्वतःच्या ओळींत शोधत राहिलो आणि त्या ओळींत चूक नव्हतीच. ‘खातेउतारा_पाठव’ अशा अर्थाचे साधे नाव द्यावे.

लिफाफा वेगळा, मायना वेगळा

एसएमटीपी हा पत्रव्यवहाराचा शिष्टाचार १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात मांडला, आणि सध्या लागू असलेला आरएफसी ५३२१ हा २००८ सालचा आहे. मधल्या काळात सुरक्षितता, लॉगिन आणि इतर पुष्कळ भर पडली, पण मूळ संवाद तोच राहिला. सर्व्हर २२० हा आकडा देऊन तयार असल्याचे सांगतो. आपला प्रोग्राम ‘ईएचएलओ’ म्हणून ओळख देतो. मग ‘मेल फ्रॉम’ने पाठवणाऱ्याचा पत्ता, ‘आरसीपीटी टू’ने घेणाऱ्याचा पत्ता आणि ‘डेटा’ने मजकूर पाठवण्याची परवानगी, असा क्रम लागतो. डेटाला सर्व्हर ३५४ असे उत्तर देतो, आपण संपूर्ण पत्र ओततो, शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब ठेवतो, आणि सर्व्हर २५० म्हणतो. या २५०चा अर्थ ‘पत्र घेतले’ एवढाच आहे, ‘पोचवले’ असा नाही. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

‘आरसीपीटी टू’मधला पत्ता म्हणजे लिफाफ्यावरचा पत्ता, आणि मजकुराच्या डोक्यावर ‘टू’ म्हणून दिसतो तो पत्राचा मायना. टपाल लिफाफ्यावरचा पत्ता पाहून पोचते. आत ‘तीर्थरूप बाबांस’ लिहिले आहे की ‘श्रीयुत व्यवस्थापक यांस’, याच्याशी पोस्टमनला कर्तव्य नसते. ई-मेलचेही तंतोतंत तसेच आहे, आणि हे न उमजल्यामुळे मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. काही वर्षांपूर्वी ईमेल मोड्यूलमधला जुना ‘मेसेज’ वर्ग (क्लास) वापरून मी एकच पत्र लूपमध्ये फिरवत होतो आणि प्रत्येक फेरीत ‘टू’ला नवा पत्ता देत होतो. माझी समजूत अशी, की नवी किंमत दिल्यावर जुनी पुसली जाते. त्या वर्गात ती पुसली जात नाही. खाली आणखी एक ‘टू’ची ओळ वाढते. ‘सेंडमेल’ या फंक्शनला लिफाफ्यावरचा पत्ता मी स्वतंत्रपणे देत असल्यामुळे प्रत्येक पत्र योग्य माणसाकडेच गेले, पण तिसाव्या ग्राहकाच्या पत्रावर आधीच्या एकोणतिसांचे पत्ते मायन्यात ओळीने उभे होते. दुपारी एका ग्राहकाचा फोन आला, “ही बाकीच्यांची नावं माझ्या पत्रात कशी काय आलीत हो?” कारखान्याची गिऱ्हाइकांची यादी अशी गावभर झाल्यावर मालकांसमोर उभे राहणे किती अवघड असते, हे मी येथे लिहीत नाही.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. एक, जुना वर्ग सोडून ‘ईमेलमेसेज’ हा नवा वर्ग वापरावा. त्यात दुसऱ्यांदा ‘टू’ देऊ पाहिल्यास प्रोग्राम तेथेच व्हॅल्यूएरर देऊन थांबतो, आणि येथे थांबणे हेच हिताचे असते. दोन, प्रत्येक ग्राहकासाठी लूपच्या आत नवे कोरे पत्र तयार करावे. पाठवतानाही ‘सेंडमेल’ऐवजी ‘सेंड_मेसेज’ वापरावे, म्हणजे लिफाफ्यावरचा पत्ता मायन्यावरूनच उचलला जातो आणि दोन्हींत तफावत राहत नाही. ‘बीसीसी’मध्ये कोणाचा पत्ता दिला असेल, तर हे फंक्शन त्याला प्रत पाठवते, पण ती ओळ पाठवलेल्या मजकुरातून काढून टाकते.

पत्र रचणे

ईमेलमेसेजच्या रिकाम्या पत्राला ‘फ्रॉम’, ‘टू’ आणि ‘सब्जेक्ट’ या तीन ओळी द्याव्यात. उत्तरे दिवाणजींच्या पत्त्यावर यावीत असे वाटत असेल, तर ‘रिप्लाय-टू’ ही चौथी ओळ द्यावी. ‘फ्रॉम’मध्ये मात्र ज्या खात्याने लॉगिन करणार तोच पत्ता ठेवावा, कारण दुसरा पत्ता घातल्यास जीमेल तो बदलून स्वतःच्या खात्याचा करते. ‘डेट’ची ओळ ईमेल.यूटिल्समधल्या ‘फॉरमॅटडेट’ला ‘लोकलटाइम’ खरे असे सांगून घ्यावी, म्हणजे वेळेपुढे +०५३० लागते.

मराठी विषय लिहायला घाबरू नये. पत्राच्या शीर्षओळी मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच आखलेल्या असल्यामुळे देवनागरी मजकूर सांकेतिक रूपात पाठवावा लागतो, पण ते काम ईमेलमेसेज आपणहून करतो. ‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. त्यात काना, मात्रा, उकार, हलन्त धरून ९ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरांच्या साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून २७ बाइट. ते बेस६४मध्ये, म्हणजे बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, घातल्यावर ३६ अक्षरे. आणि ‘हा मजकूर यूटीएफ-८ व बेस६४मध्ये आहे’ असे सांगणारी १२ अक्षरांची चौकट धरून एकूण ४८. अशा एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे ‘सन २०२४-२५ चा खातेउतारा व बाकी मान्यतापत्र’ एवढा विषय एकाहून जास्त तुकड्यांत जाणार. हाताने तुकडे करायला गेल्यास तीन बाइटांच्या मधोमध सुरी पडते आणि समोरच्याला चौकोन-प्रश्नचिन्हे दिसतात. लायब्ररी अक्षर न तोडता कापते. तिच्या कामात हात घालू नये.

मजकूर ‘सेट_कंटेंट’ने भरावा. साधा मजकूर पुरतो. रंगीत चौकटी आणि बोधचिन्हे यांच्याशिवाय बाकी मान्य होत नाही, असे मला कधी आढळलेले नाही. एक गोष्ट मात्र तपासावी. ऑफिसातला जुना पत्रनमुना बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर त्या फाँटशिवाय तो इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि हा दोष कोणत्याही लायब्ररीला दुरुस्त करता येत नाही. चार परिच्छेदांचे पत्र असते. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावे.

पीडीएफ जोडण्यासाठी फाइल ‘आरबी’ म्हणजे बायनरी पद्धतीने वाचावी आणि ‘ॲड_अटॅचमेंट’ला बाइट, मुख्य प्रकार ‘ॲप्लिकेशन’, उपप्रकार ‘पीडीएफ’ आणि फाइलचे नाव द्यावे. आधी सेट_कंटेंट आणि मग ॲड_अटॅचमेंट हाच क्रम ठेवावा. उलटा केल्यास पायथन टाइपएरर देते. जोडलेली फाइल बेस६४मध्ये जात असल्यामुळे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून जीमेलची २५ एमबीची मर्यादा प्रत्यक्षात सुमारे १८ एमबीच्या फाइलीलाच संपते. खातेउताऱ्याला ही अडचण येत नाही. स्कॅन केलेली बिले जोडणाऱ्यांना येते.

ग्राहकांची यादी एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ अशी जतन करावी आणि पायथनमध्ये उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ सांगावे. नुसते यूटीएफ-८ सांगितल्यास एक्सेलने फाइलच्या सुरुवातीला ठेवलेली अदृश्य खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, आणि डोळ्यांना ‘खातेक्रमांक’ स्पष्ट दिसत असूनही प्रोग्राम ‘असा रकाना नाही’ असे म्हणत राहतो. पत्त्यांच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’ने काढाव्यात, दिवाणजींच्या यादीत त्या असतातच.

जोडणी आणि पासवर्ड

जीमेलचा सर्व्हर ‘एसएमटीपी.जीमेल.कॉम’ हा आहे. पोर्ट (सर्व्हरचे क्रमांकाने ओळखले जाणारे दार) ४६५ घेतल्यास जोडणी पहिल्या अक्षरापासून कूटबद्ध असते आणि त्यासाठी ‘एसएमटीपी_एसएसएल’ वर्ग वापरावा. ५८७ घेतल्यास साधी जोडणी करून लगेच ‘स्टार्टटीएलएस’ म्हणावे लागते. नवशिक्याने ४६५ घ्यावे, कारण तेथे एक पायरी विसरण्याची सोय नाही. पोर्ट २५ हे सर्व्हरांनी आपापसात बोलण्यासाठी आहे आणि अनेक इंटरनेट कंपन्या ते बंदच ठेवतात. जोडणी करताना दोन गोष्टी आवर्जून द्याव्यात : एसएसएलच्या ‘क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट’ने बनवलेला कॉन्टेक्स्ट (सुरक्षित जोडणीच्या नियमांचा संच), कारण त्याशिवाय समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र पारखलेच जात नाही, आणि ३० सेकंदांचा टाइमआउट, कारण तो न दिल्यास नेट अडकल्यावर प्रोग्राम ताटकळत बसतो आणि पाहणाऱ्याला काम चालू असल्याचा भास होतो.

लॉगिनला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती वाट मे २०२२ अखेर बंद केली. खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू करून ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा. तो १६ अक्षरांचा असतो आणि चार-चारच्या गटांत दाखवला जातो, त्यातल्या मोकळ्या जागा सोडून द्याव्यात. हा पासवर्ड प्रोग्रामच्या फाइलीत लिहू नये. आपल्याकडे प्रोग्राम पेनड्राइव्हवरून शेजारच्या ऑफिसात जातो, तेथून भाच्याच्या लॅपटॉपवर जातो, आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गावभर फिरतो. तो संगणकाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामबाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये नावाने ठेवलेल्या किमतीत) ठेवून ‘ओएस.एन्व्हायरन’मधून वाचावा.

आधी रंगीत तालीम

खऱ्या ग्राहकांना पहिले पत्र जाण्यापूर्वी खोट्या सर्व्हरवर तालीम करावी. पूर्वी पायथनबरोबर एसएमटीपीडी नावाचे मोड्यूल येत असे, ते ३.१२ आवृत्तीपासून काढून टाकले आहे, त्यामुळे जुन्या पाठांतल्या सूचना आता चालत नाहीत. त्याऐवजी ‘एआयओएसएमटीपीडी’ हे पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजे आणून बसवणाऱ्या साधनाने) घ्यावे. या लेखात बाहेरून घ्यायची वस्तू ही एवढीच. ते लोकलहोस्टच्या (म्हणजे आपल्याच संगणकाच्या) १०२५ पोर्टवर चालू केले की आलेले प्रत्येक पत्र कोठेही न पाठवता पडद्यावर छापते. प्रोग्राममध्ये तालमीपुरता साधा एसएमटीपी वर्ग, हा पत्ता आणि हे पोर्ट घालावे, लॉगिन वगळावे, आणि १८० पत्रे खाली सरकताना पाहावीत. मायन्यात एकच पत्ता आहे ना, आणि पहिल्या ग्राहकाची पीडीएफ दुसऱ्याला तर जात नाही ना, हे निवांतपणे बघायची वेळ हीच. त्यानंतर यादीतले सगळे पत्ते स्वतःच्या पत्त्याने बदलून, पहिल्या तीनच नोंदींसाठी खऱ्या सर्व्हरवरून एक फेरी करावी. खऱ्या सर्व्हरशी काय बोलणे चालले आहे ते पाहायचे असल्यास ‘सेट_डीबगलेव्हल’ला १ द्यावे, म्हणजे त्यापुढचा सगळा संवाद समोर येतो.

जावक नोंदवही

कोणत्याही जुन्या कचेरीत पत्र बाहेर पडण्यापूर्वी बारनिशीत त्याची नोंद होते, तशीच नोंदवही प्रोग्रामलाही हवी. आमच्याकडे एप्रिलातल्या दुपारी वळीव फुटला की लाईट जाते. ११२ वे पत्र चालू असताना ती गेली, तर कोणापर्यंत पत्रे गेली हे आठवणीवर सांगता येत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून चालवल्यास शंभराहून जास्त ग्राहकांना तेच पत्र दोनदा जाते. थकबाकीचे पत्र दोनदा येणे माणसाला तगाद्यासारखे लागते.

त्यासाठी एक वेगळी सीएसव्ही फाइल ठेवावी आणि प्रत्येक पत्रामागे तीत दोन नोंदी कराव्यात : पाठवण्यापूर्वी खातेक्रमांक, वेळ आणि ‘पाठवत आहे’, सर्व्हरने स्वीकारल्यावर तोच खातेक्रमांक, वेळ आणि ‘गेले’. प्रत्येक नोंदीनंतर ‘फ्लश’ आणि ‘ओएस.एफसिंक’ करावे, नाहीतर शेवटच्या काही ओळी मेमरीतच राहून लाईटीबरोबर जातात. प्रोग्राम सुरू होताना त्याने आधी ही वही वाचावी. ज्याची ‘गेले’ अशी नोंद आहे तो ग्राहक वगळावा. ज्याची ‘पाठवत आहे’ एवढीच आहे, त्याच्या बाबतीत प्रोग्रामने स्वतः निर्णय न घेता नाव दाखवून पुढे जावे, आणि माणसाने ‘पाठवलेले’ फोल्डर उघडून खात्री करावी. सर्व्हरचे २५० येणे आणि आपली नोंद होणे यांच्यामधल्या क्षणात काय घडले, हे प्रोग्रामला कधीच कळू शकत नाही. एकच नोंद करणाऱ्या प्रोग्रामात हा संशयित ग्राहक दिसतच नाही. दोन नोंदी केल्यास तो एकटा उघडा पडतो.

विंडोजवर आणखी एक गंमत होते. कौतुकाने कोणीतरी ही वही एक्सेलमध्ये उघडून ठेवली, तर प्रोग्रामला तीत लिहिता येत नाही आणि परवानगी नाकारल्याची चूक येते. म्हणून वही लिहिण्यासाठी सुरुवातीलाच उघडावी. अडचण असेल तर ती एकही पत्र जाण्यापूर्वी कळते.

सर्व्हरने नकार दिल्यास आकडा पाहावा. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, थोड्या वेळाने या’. ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. ४२१ आला तर काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. ५५० आला तर बहुधा पत्ताच चुकीचा आहे. आकडा वहीत लिहून पुढच्या ग्राहकाकडे जावे. ५३५ म्हणजे लॉगिन नाकारले. येथे पुन:पुन्हा दार वाजवत न बसता संपूर्ण प्रोग्राम थांबवावा. पत्ता नाकारला गेल्यास ‘एसएमटीपीरिसिपिएंट्सरिफ्यूज्ड’ ही चूक येते आणि तिच्यात आकडा ‘रिसिपिएंट्स’ या डिक्शनरीत पत्त्यासमोर असतो; मधेच जोडणी तुटल्यास ‘एसएमटीपीसर्व्हरडिस्कनेक्टेड’ येते, तेव्हा नव्याने जोडणी व लॉगिन करावे, आणि तुटण्याच्या क्षणी चालू असलेले पत्र संशयितांत धरावे. सगळ्या चुका एकाच ‘एक्सेप्ट’खाली (चूक पकडणाऱ्या ओळीखाली) गिळून टाकणारा प्रोग्राम दिसायला सुटसुटीत असतो, पण त्याची वही खोटी असते.

दोन पत्रांमध्ये ‘टाइम.स्लीप’ने आठ सेकंदांची उसंत द्यावी. १८० पत्रांना २४ मिनिटे लागतात आणि कोणाची घाई नसते. वैयक्तिक जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येते, त्यामुळे मोठ्या यादीचे दोन दिवस करावेत. वही असल्यामुळे दुसऱ्या दिवशी कोठून सुरू करायचे याचा विचार करावा लागत नाही. कारखान्याचे स्वतःचे डोमेन असेल, तर त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरेच त्या डोमेनकडून आले हे पटवणाऱ्या, नोंदी आहेत का, हे डोमेन सांभाळणाऱ्याला विचारून घ्यावे, कारण त्यांच्याअभावी पत्रे स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. प्रोग्राम विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावायचा असल्यास फाइलींचे पूर्ण मार्ग द्यावेत. शेड्यूलर प्रोग्राम भलत्याच फोल्डरमधून चालवतो आणि हाताने चालणारा प्रोग्राम तेथे ‘यादी सापडत नाही’ म्हणतो.

शेवटचे काम माणसाचे आहे. सर्व्हरने २५० म्हणून घेतलेले पत्रही पुढे पोचले नाही, तर काही वेळाने पाठवणाऱ्याच्या खात्यात ‘मेलर-डेमन’चे परतपत्र येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींनी ही परतपत्रे उघडावीत, वहीत त्या खात्यापुढे ‘परत’ असे लिहावे आणि ग्राहकाला फोन करून नवा पत्ता घ्यावा. यादीत पत्ता दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा चालवला की ‘गेले’ असलेले सगळे वगळले जातात आणि शेवटची नोंद ‘परत’ असलेले तेवढेच पुन्हा रांगेत येतात. त्यासाठी वही वाचताना प्रत्येक खात्याची शेवटचीच नोंद धरावी.